जर्नलचा पेपर रिव्ह्यू कसा करावा: निमंत्रणापासून दुसऱ्या फेरीपर्यंत

खान्देशातले आपण बहुतेक इंजिनिअरिंगचे शिक्षक वर्षातून दोनदा कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रीय उत्तरपत्रिका-तपासणीला, बसतो. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, शेजारी मॉडेल आन्सर, हातात लाल पेन. ही सवय इतकी मुरते की जर्नलकडून रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी पारखायला, आलेला पेपरही आपण तसाच तपासतो. स्पेलिंगखाली रेघ ओढतो, अक्षाला नाव नाही म्हणून शेरा मारतो, दोन संदर्भ वाढवायला सांगतो आणि शेवटी लिहितो, "काम चांगले आहे, स्वीकारावे." मी काही वर्षे एका जर्नलचे असोसिएट एडिटर म्हणून काम पाहतो आहे. असे रिव्ह्यू आले की लेखकाला काय कळवायचे आणि निर्णय कशावर घ्यायचा, हे मला सुचत नाही. मग नवा रिव्ह्यूअर शोधावा लागतो आणि लेखकाचे दोन महिने वाया जातात.

उत्तरपत्रिकेला मॉडेल आन्सर असते, जर्नलच्या पेपरला नसते. तिथे आधी एकच गोष्ट पाहायची असते: लेखक जो दावा करतो आहे, तो त्याच्याच पुराव्यावर उभा राहतो का? बाकी सगळे त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. यातली सगळी उदाहरणे मी या लेखासाठी बनवली आहेत. रिव्ह्यूला आलेल्या पेपरमधली नाहीत, कारण तो पेपर गोपनीय असतो आणि असा वापरता येत नाही.

टप्पा १: निमंत्रण खरे आहे का ते पाहा

मेलमधल्या लिंकवर लगेच क्लिक करू नका. जर्नलचे नाव ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, वेबसाइट उघडा, संपादक मंडळात मेल पाठवणाऱ्याचे नाव आहे का बघा. आयएसएसएनच्या (जर्नलच्या नोंदणी क्रमांकाच्या) पोर्टलवर क्रमांक आणि नाव जुळते का ते पाहा. स्कोपस या संशोधन-डेटाबेसची जर्नल-यादी मोफत बघता येते. ओपन ॲक्सेस (सर्वांना मोफत वाचता येणारे) जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नल्सच्या सूचीत शोधा. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे "यूजीसी केअर लिस्टेड" या एका शिक्क्यावर आता विश्वास ठेवू नका.

सावधान: "दोन दिवसांत रिव्ह्यू द्या, लगेच सर्टिफिकेट मिळेल" असे लिहिणाऱ्यांपासून दूर राहा. प्रमोशनच्या फाइलसाठी सर्टिफिकेट लागते हे मला ठाऊक आहे. पण अशा ठिकाणी तुमचे नाव वाईट पेपरला आधार म्हणून वापरले जाते, आणि ते नंतर पुसता येत नाही.

टप्पा २: होकार देण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न विषयाचा. ॲबस्ट्रॅक्ट वाचून पेपरचा मुख्य भाग तुम्हाला तपासता येईल का? सगळा यायलाच हवा असे नाही. प्रयोगाचा भाग येतो पण मशीन लर्निंगचा येत नाही, असे असेल तर एडिटरला तसे कळवून होकार द्या. एडिटर दुसरा रिव्ह्यूअर त्या भागासाठी निवडतो. न कळवता अर्धाच भाग तपासला, तर उरलेला अर्धा कोणीच पाहत नाही.

दुसरा वेळेचा. मला एका पेपरला सहा ते आठ तास लागतात, तेही तीन बैठकांत. कॅपचे दिवस, नॅक किंवा एनबीए या मूल्यांकन संस्थांची भेट, ॲडमिशनची धावपळ यांत हे तास निघत नाहीत. जमत नसेल तर दोन दिवसांत नकार कळवा आणि जमल्यास एखादे नाव सुचवा. एडिटरला नकाराचा राग येत नाही. होकार देऊन गप्प बसणाऱ्याचा येतो.

तिसरा हितसंबंधांचा, आणि आपल्या भागात हा सगळ्यात नाजूक आहे. इथे संशोधन केंद्रे मोजकी, गाइड मोजके, व्हायवाला येणारे बाहेरचे परीक्षकही तेच तेच. अमुक सर आपल्या गाइडचे गाइड, तमुक मॅडमबरोबर आपण एफडीपी (शिक्षकांचे प्रशिक्षण) घेतलेला. म्हणून नियम आधीच ठरवून ठेवा. लेखक तुमच्याच संस्थेतला, तुमचा गाइड किंवा विद्यार्थी, चालू प्रकल्पातला सहकारी, अलीकडच्या काही वर्षांतला सहलेखक किंवा नातेवाईक असेल, तर नकार. किती वर्षे धरायची हे जर्नलच्या नियमांत पाहा. बऱ्याच ठिकाणी तीन असतात. नुसती ओळख असेल तर एडिटरला सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. वैर असेल तरीही सांगायचे. आपण फक्त मैत्रीलाच हितसंबंध समजतो, ही नेहमीची चूक आहे.

सावधान: "सर, आमचा पेपर तुमच्याकडेच आलाय ना?" असा फोन येऊ शकतो. हो किंवा नाही, काहीही सांगू नका. "असे विचारू नका, मलाही सांगता येत नाही" एवढेच म्हणा. फोन करणारा खरोखर त्याच पेपरचा लेखक असेल तर एडिटरला कळवा. वडीलधारे असले तरी.

टप्पा ३: बसण्याआधीची तयारी

जर्नलच्या रिव्ह्यूअरसाठीच्या सूचना आधी वाचा. रिव्ह्यू सिंगल ब्लाइंड (लेखकाला रिव्ह्यूअरचे नाव कळत नाही) आहे की डबल ब्लाइंड (दोघांनाही एकमेकांची नावे कळत नाहीत), हे नीट कळले पाहिजे, कारण पुढची काही पथ्ये त्यावर ठरतात. सप्लिमेंटरी फाइली डाउनलोड केल्यात का ते बघा. कित्येक पेपरमध्ये खरा डेटा तिथेच असतो आणि रिव्ह्यूअर तो उघडतही नाही.

संदर्भ वाचायला मिळत नाहीत, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून बरीच जर्नल्स उघडतात. ग्रंथपालाकडून लॉगिन करून घ्या. खासगी कॉलेजात असाल तर लेखकाने संस्थेच्या रिपॉझिटरीत किंवा प्रीप्रिंट (छापण्याआधीची खुली प्रत) म्हणून ठेवलेली प्रत शोधा. काही प्रकाशक रिव्ह्यू चालू असेपर्यंत आपल्या डेटाबेसचा मोफत वापर देतात, होकारानंतरच्या मेलमध्ये ते लिहिलेले असते.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका.

पहिली, पेपर गुपचूप पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे देणे. "जरा बघून दोन पॉइंट काढ" असे सर्रास चालते. विद्यार्थ्याला शिकवायचे असेल तर एडिटरची आधी परवानगी घ्या आणि त्याचे नाव कळवा. बहुतेक एडिटर आनंदाने हो म्हणतात. विद्यार्थ्यालाही त्याच्या कामाचे श्रेय मिळते.

दुसरी, पेपर चॅटजीपीटीसारख्या एआय साधनात टाकून रिव्ह्यू लिहून घेणे. पेपर गोपनीय असतो आणि लेखकाने तो तुमच्या भरवशावर दिलेला असतो. एल्सेव्हियर या प्रकाशकाने रिव्ह्यूअरना पेपर किंवा त्याचा भाग अशा साधनांत टाकायला मनाई केली आहे. पेपरमधली माहिती सार्वजनिक एआय प्लॅटफॉर्मवर टाकून रिव्ह्यू तयार करू नये, असे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचेही धोरण आहे. शिवाय असे रिव्ह्यू लगेच ओळखू येतात. सगळे मुद्दे गुळगुळीत असतात आणि पेपरमधला एकही आकडा त्यात नसतो.

टप्पा ४: पहिले वाचन, पेन बाजूला ठेवून

शीर्षक, ॲबस्ट्रॅक्ट आणि कन्क्लूजन वाचा. मग थेट फिगर आणि टेबल बघा. प्रस्तावना नंतर. प्रस्तावनेत लेखक तुमचे मन तयार करत असतो. आकडे आधी पाहिले की तुमचे मत तुमचे राहते.

हे झाल्यावर वहीत तीन वाक्ये लिहा. लेखकाचा मुख्य दावा काय? त्याला पुरावा कोणता? आधीच्या कामांपेक्षा नवे काय? पेपर दोनदा चाळूनही पहिले वाक्य लिहिता येत नसेल, तर तोच तुमच्या रिव्ह्यूचा पहिला मुद्दा.

तपासणी: दुरुस्तच होणार नाही असा दोष दिसतो आहे का? प्रयोगात तुलनेसाठी कंट्रोल (बदल न केलेला) नमुनाच नाही, गृहीत धरलेले समीकरण त्या परिस्थितीला लागूच पडत नाही, निष्कर्ष गोळा न केलेल्या डेटावर उभा आहे, अशा प्रकारचा. असा दोष असेल तर पुढचे पन्नास बारीक मुद्दे काढत बसू नका. त्या एकाच दोषावर पानभर नीट लिहा. लेखकाला त्याचा जास्त उपयोग होतो.

टप्पा ५: दुसरे वाचन, दावा आणि पुरावा समोरासमोर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, कारण निम्म्या चुका साध्या आकडेमोडीतच सापडतात. आपल्याकडून नेहमी जाणाऱ्या तीन प्रकारच्या पेपरवर हे करून दाखवतो.

पहिला प्रकार, काँक्रीटचा. समजा पेपर दीपनगरच्या औष्णिक केंद्रातली राख आणि केळीच्या खोडाचा धागा घालून केलेल्या काँक्रीटवर आहे. साध्या मिश्रणाची २८ दिवसांची ताकद ३४.२ मेगापास्कल, नव्याची ३६.०. "ताकद ५.३ टक्क्यांनी वाढली" असा दावा. प्रत्येक मिश्रणाचे तीन क्यूब, प्रमाण विचलन (आकड्यांचा विखुरलेपणा) दोन्हीकडे २.५ च्या आसपास. आता हिशेब करा. फरक १.८ चा आहे आणि तीन-तीन क्यूबच्या सरासऱ्यांतल्या फरकाची अनिश्चितताच जवळजवळ २.० निघते. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. दावा उभा राहत नाही. लेखक उत्तरात म्हणेल, "आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) प्रमाणे प्रत्येक क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत आहे." तो नियम चाचणीचा नमुना ग्राह्य धरायचा की नाही यासाठी आहे. दोन मिश्रणांतला पाच टक्क्यांचा फरक खरा की खोटा, हे त्यावरून ठरत नाही.

याच पेपरला आणखी विचारायचे प्रश्न: राखेची रासायनिक क्रिया सावकाश चालते, मग ५६ आणि ९० दिवसांचे आकडे कुठे आहेत? धागा पाणी शोषतो, ते पाणी मिश्रणात धरले का? नाहीतर ताकद धाग्याने वाढली की पाणी कमी पडल्याने, हे कसे कळणार? सिमेंटच्या अल्कलीत नैसर्गिक धागा काळानुसार कमजोर होतो, त्याची चाचणी आहे का? नसेल तर कन्क्लूजनमधला "टिकाऊ" हा शब्द काढायला सांगा. राख कोणत्या दिवशी, कोणत्या हॉपरमधून घेतली आणि तिची बारीकी किती, हे नसेल तर दुसरा कोणी हा प्रयोग पुन्हा करू शकत नाही.

दुसरा प्रकार, सौर पॅनेलचा. साक्रीकडचे सौर प्रकल्प आणि मे महिन्यातले आपले ऊन यामुळे हा विषय आपल्या विद्यार्थ्यांचा आवडता आहे. समजा पेपर म्हणतो: ३३० वॉटचे पॅनेल, ऊन ९०० वॉट प्रति चौरस मीटर, पॅनेलचे तापमान ६० अंश. पाठीमागून पाणी फिरवून थंड केल्यावर पॅनेलने ३२५ वॉट दिले. लिटरेचर उघडायचीही गरज नाही. ३३० वॉट हा आकडा १००० वॉट प्रति चौरस मीटर आणि २५ अंश सेल-तापमान या प्रमाणित स्थितीचा आहे. ९०० ला तो २९७ होतो. ६० अंशांना, दर अंशामागे ०.४ टक्का घट धरली तर १४ टक्के कमी, म्हणजे साधारण २५५ वॉट. थंड करून सेल अगदी २५ अंशांवर आणले तरी २९७ च्या फार वर जाता येत नाही, आणि मे महिन्यात टाकीतले पाणीच २५ अंशांपेक्षा गरम असते. तेव्हा ३२५ आले कसे? ऊन मोजणारे यंत्र कॅलिब्रेट केलेले नसेल, पॅनेलचा कोन वेगळा असेल, किंवा दोन मोजमापे दोन वेगळ्या वेळची असतील. यातले काय झाले, हे लेखकानेच सांगायचे. आणि पंपाने खाल्लेली वीज वजा केली का, हा प्रश्न विसरू नका. तो कित्येक रिव्ह्यूंमध्ये राहून जातो.

तिसरा प्रकार, मशीन लर्निंगचा, आणि हल्ली सर्वांत जास्त येणारा. समजा रावेर-यावल भागातल्या केळीच्या पानांचे फोटो घेऊन करपा आणि हरण्या हे रोग ओळखणारे मॉडेल केले आहे. चाळीस झाडांचे दोन हजार फोटो घेतले, ते फिरवून आणि उजेड कमीजास्त करून दहा हजार केले, मग ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के चाचणीला वेगळे काढले. अचूकता ९९.२ टक्के. इथे थांबा. आधी फोटो वाढवले आणि नंतर वाटणी केली, म्हणजे एकाच फोटोची फिरवलेली प्रत दोन्हीकडे गेली. एकाच झाडाची पाने तर नक्कीच दोन्हीकडे आहेत. मॉडेलने रोग ओळखला की झाड आणि मागची जमीन ओळखली, हे सांगता येत नाही. मागायचे ते असे: आधी वाटणी, मग फोटो वाढवणे, आणि वाटणी झाडानुसार किंवा बागेनुसार. रावेरच्या बागांवर शिकवलेले मॉडेल चोपड्याच्या बागेत चालते का, हे दाखवले तर शेतकऱ्याच्या कामाचे.

नुसत्या अचूकतेवरही समाधान मानू नका. दोन हजारांत अठराशे पाने निरोगी असतील, तर सगळ्या पानांना डोळे झाकून "निरोगी" म्हणणारे मॉडेलही ९० टक्के अचूक ठरते. प्रत्येक रोगासाठी रिकॉल (खऱ्या रोगट पानांपैकी किती पकडली) आणि कन्फ्यूजन मॅट्रिक्स (कशाला काय ओळखले याचा तक्ता) मागा.

सिम्युलेशनच्या पेपरला थोडक्यात तीनच प्रश्न. गणनेची जाळी (मेश) बारीक केल्यावर उत्तर बदलायचे थांबले का? सीमा-अटी सगळ्या दिल्या आहेत का? आणि ज्या प्रयोगाच्या आकड्यांवर मॉडेल जुळवून घेतले, त्याच आकड्यांवर ते "सिद्ध" तर केले नाही ना?

तपासणी: प्रत्येक आक्षेपापुढे पान, फिगर किंवा ओळ क्रमांक लिहिला आहे का? नसेल तर आत्ताच लिहा. रिव्ह्यू लिहायला बसल्यावर तो सापडत नाही.

टप्पा ६: नवेपणा, संदर्भ आणि शंका

"यात नवे काही नाही" असे लिहायचे असेल तर ते आधी कोणी केले, तो पेपर दाखवा. दाखवता येत नसेल तर तसे लिहू नका. शोध घेताना पद्धत आणि साहित्य यांच्या शब्दांनी शोधा. डबल ब्लाइंड असेल तर पेपरचे शीर्षक सर्चमध्ये टाकू नका, लेखक उघड होतो. शोधगंगेवर (भारतीय थिसिसांच्या ऑनलाइन संग्रहात) तेच काम थिसिस म्हणून सापडले, तर ते चौर्य समजायचे कारण नाही. स्वतःच्या थिसिसमधून पेपर काढणे बहुतेक जर्नल्सना मान्य असते.

सावधान: स्वतःचे पेपर संदर्भात घालायला लावू नका. एखादा खरोखर आवश्यक असेल तर तो का हवा ते एका वाक्यात लिहा, आणि त्याच विषयावरचे दुसऱ्यांचेही सुचवा. पाचसहा स्वतःचे पेपर सुचवणारा रिव्ह्यू आला की एडिटरला लगेच कळते, आणि त्याचे बाकीचे मुद्देही मग कोणी गांभीर्याने घेत नाही.

वाचताना विचित्र शब्द दिसले तर थांबा. फ्रान्समधले संशोधक गिओम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा शब्दांकडे लक्ष वेधले. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"च्या जागी "काउंटरफिट कॉन्शसनेस", "डीप लर्निंग"च्या जागी "प्रोफाउंड लर्निंग". चोरलेला मजकूर सॉफ्टवेअरने शब्द बदलून लपवला की अशी भाषा तयार होते. कच्चे इंग्रजी ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून शिकून आलेल्या मुलाचे इंग्रजी अडखळते, पण त्याच्या तांत्रिक संज्ञा बरोबर असतात. या दोहोंत गल्लत करू नका.

चोरीची, एकाच फिगरच्या दोनदा वापराची किंवा बनावट आकड्यांची शंका आली, तर ती लेखकाच्या रकान्यात लिहायची नाही. एडिटरच्या गोपनीय रकान्यात, पुराव्यासह आणि आरोपाचा सूर न लावता लिहा. चौकशी करणे जर्नलचे काम. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते हा यूजीसीच्या २०१८ च्या नियमातला आकडा अनेकजण इथे वापरतात. पण कोणता मजकूर जुळतो हे टक्क्यांवरून समजत नाही. संदर्भसूचीमुळेही साम्य वाढते, आणि पाच टक्के साम्यात अख्खा निष्कर्षाचा परिच्छेद उचललेला असू शकतो.

टप्पा ७: रिव्ह्यू लिहिणे

रिव्ह्यू दोघांसाठी असतो. एडिटरला निर्णय घ्यायचा असतो, लेखकाला काम करायचे असते. दोघांनाही लागेल अशी मांडणी करा.

आधी तीन-चार वाक्यांत पेपर तुमच्या शब्दांत सांगा. टप्पा ४ मध्ये वहीत लिहिलेली वाक्ये इथे कामाला येतात. तुम्ही पेपर वाचला आणि तो तुम्हाला कळला, हे लेखकाला यातून दिसते. चुकीचा कळला असेल तर तेही लगेच समजते. मग जे खरोखर चांगले आहे ते नेमके सांगा. "छान काम" नको, "तीन हंगामांचा क्षेत्रीय डेटा ही या पेपरची ताकद आहे" असे.

त्यानंतर मोठे मुद्दे, क्रमांक देऊन, महत्त्वाच्या क्रमाने. मग किरकोळ. दोन्ही एकत्र कालवू नका. माझ्या पहिल्या रिव्ह्यूत मी एकवीस मुद्दे सलग लिहिले होते. त्यातला चौदावा मुद्दा होता की प्रयोगात कंट्रोलच नाही. लेखकाने वीस मुद्दे सोडवले आणि चौदाव्याला एका ओळीत उत्तर दिले. एडिटरच्याही नजरेतून तो निसटला. तो पेपर छापून आला तेव्हा मला फार वाईट वाटले, आणि चूक माझ्या मांडणीची होती.

प्रत्येक मोठ्या मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात: कुठे, काय आणि का अडते, काय केल्याने सुटेल. रिव्ह्यू इंग्रजीतच लिहायचा असतो, इथे समजावे म्हणून मराठीत देतो.

असे नको: "निकालांची चर्चा अपुरी आहे. लेखकांनी ती सुधारावी."

असे हवे: "टेबल ४ मध्ये दोन मिश्रणांतला फरक १.८ मेगापास्कल आहे आणि प्रत्येकी तीन क्यूबचे प्रमाण विचलन २.५ आहे. एवढ्या नमुन्यांवर हा फरक खरा आहे असे म्हणता येत नाही. लेखकांनी नमुने वाढवून योग्य सांख्यिकी चाचणी द्यावी, किंवा ॲबस्ट्रॅक्ट आणि कन्क्लूजनमधून वाढीचा दावा काढून 'ताकद कमी झाली नाही' एवढेच म्हणावे."

दुसऱ्या नमुन्यात लेखकासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत हे लक्षात घ्या. छोट्या कॉलेजच्या लेखकाला पुन्हा साठ क्यूब टाकायला मशीन मिळेलच असे नाही. दावा खाली आणून पेपर प्रामाणिक होत असेल तर ती वाटही खुली ठेवा. नवे प्रयोग मागताना स्वतःला विचारा: हा प्रयोग नसेल तर मुख्य दावा पडतो का? पडत नसेल तर मागू नका. "अमुकही करून पाहिले असते तर बरे झाले असते" हा दुसऱ्या पेपरचा विषय आहे.

भाषेच्या चुका एकेक काढत बसू नका. अर्थ बदलतो अशा दोन-तीन जागा दाखवा आणि बाकी भाषा एकदा तपासून घ्यावी असे सुचवा. "इंग्रजी फार वाईट आहे" असे वाक्य मात्र कधीही लिहू नका. बोला ते पेपरबद्दल, लेखकाबद्दल नको. "लेखकाला मूलभूत ज्ञान नाही" याऐवजी "समीकरण ७ मध्ये स्थिर प्रवाह गृहीत धरला आहे, पण फिगर ३ मधला प्रवाह स्थिर नाही."

टप्पा ८: शिफारस निवडणे

नवा प्रयोग, नवे विश्लेषण न करता, फक्त लिखाण सुधारून पेपर ठीक होत असेल तर मायनर रिव्हिजन. दावा वाचू शकतो पण त्यासाठी काम करावे लागेल, तर मेजर. मुख्य दावाच आहे त्या डेटावर उभा राहू शकत नसेल तर रिजेक्ट.

आपल्याकडे रिजेक्ट लिहायला हात कचरतो. "पोराचे पीएचडीचे वर्ष जाईल" असे वाटते, म्हणून मेजर देतो. मग ते पोर चार महिने राबते आणि शेवटी रिजेक्टच होते. त्यापेक्षा आज नीट कारणे देऊन नाही म्हटले तर तो दुसरीकडे लवकर जातो, आणि कामही सुधारून जाते.

सावधान: शिफारस लेखकाच्या रकान्यात लिहू नका, ती एडिटरसाठी असते. आणि दोन्ही रकाने एकमेकांशी जुळले पाहिजेत. लेखकाला गोड आणि एडिटरला "रिजेक्ट करा" असे आले की लेखकाला नकाराचे कारणच कळत नाही.

टप्पा ९: पाठवण्याआधी

लिहिलेला रिव्ह्यू एक रात्र ठेवा. सकाळी लेखक म्हणून वाचा. टोचणारी वाक्ये तेव्हा दिसतात.

मग फाइल तपासा. वर्डमध्ये कॉमेंट टाकून फाइल जोडत असाल तर प्रत्येक कॉमेंटवर तुमचे नाव असते, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही. वर्डमधल्या "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट"ने ते काढता येते. त्याहून सोपे म्हणजे मजकूर थेट जर्नलच्या रकान्यात पेस्ट करणे. "आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत असे दिसले" यासारखे वाक्यही तुमची ओळख सांगून जाते, तेही बघा.

तपासणी: मोठे मुद्दे वेगळे आहेत का? प्रत्येकाला जागेचा क्रमांक आहे का? तुम्ही केलेली आकडेमोड पुन्हा एकदा तपासली का? रिव्ह्यूअरचीच वजाबाकी चुकलेली असली की लेखक बाकीच्या बरोबर मुद्द्यांनाही दाद देत नाही.

टप्पा १०: दुसरी फेरी

सुधारलेला पेपर आला की आधी लेखकाची उत्तरे वाचा, मग तुमचे मोठे मुद्दे एकेक करून पेपरमध्येच सुटले आहेत का ते पाहा. उत्तरपत्रात छान समजावले आणि पेपरमध्ये काहीच बदलले नाही, असे फार होते. वाचकाच्या हाती उत्तरपत्र नसते. तेव्हा स्पष्टीकरण पेपरमध्ये घालायला सांगा.

लेखकाने तुमचा मुद्दा कारण देऊन नाकारला असेल आणि कारण पटत असेल, तर ते मान्य करून तसे लिहा. पहिल्या फेरीत दिसायला हवे होते असे नवे मुद्दे आता काढू नका. सुधारणेतून नवीन चूक शिरली असेल किंवा गंभीर दोष आधी नजरेतून सुटला असेल तर मात्र सांगायलाच हवे, आणि आधी सुटला हेही मोकळेपणाने लिहा.

निर्णय झाल्यावर बहुतेक जर्नल्स दुसऱ्या रिव्ह्यूअरचे मुद्देही तुम्हाला दाखवतात. ते काळजीपूर्वक वाचा आणि आपल्याला न दिसलेला एखादा मुद्दा वहीत उतरवून ठेवा. मी रिव्ह्यू करायला सर्वांत जास्त अशाच वाचनातून शिकलो. जर्नल सोय देत असेल तर ओआरसीआयडीवर (संशोधकाच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकावर) नोंद करून घ्या, प्रमोशनच्या फाइलला तीही लावता येते. मग पेपरच्या प्रती, प्रिंट आणि डाउनलोड फोल्डरमधल्या फाइली नष्ट करा. विभागाच्या प्रिंटरजवळ पडलेली पानेही उचला.